विश्लेषण : युद्धात अडकलेल्यांपर्यंत मदत पोहोचते कशी? पिंपरीचा पेनिसिलिन कारखाना आणि वळिवडेची छावणी काय सांगतात?

युक्रेन, गाझा, सुदान. गेल्या काही वर्षांत मोबाइलवर या नावांचा एक तरी व्हिडीओ रोज येतो. पडलेल्या इमारती, रिकामी पातेली घेऊन उभी मुले, सीमेवर अडकलेल्या ट्रकची रांग. खाली बऱ्याचदा एक क्यूआर कोडही असतो. पिंपरी-चिंचवडमधल्या सोसायटीच्या ग्रुपवर असा मेसेज आला की दोन प्रश्न हमखास पडतात. हे पैसे नेमके जातात कुठे? आणि एवढी मदत जमा होत असताना ट्रक अडतो का?

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. एक उत्तर पिंपरीतच आहे, दुसरे कोल्हापूरजवळ.

‘एचए’ कंपनीचा युद्धाशी संबंध काय?

एचए कॉलनी, एचए ग्राउंड हे शब्द शहरात रोज वापरले जातात. एचए म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. औषधनिर्मितीतली ही देशातली पहिली सरकारी कंपनी. १० मार्च १९५४ रोजी तिची नोंदणी झाली आणि १९५५ मध्ये पिंपरीत पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. या कारखान्यासाठी यंत्रसामग्रीची मदत युनिसेफने दिली होती आणि तांत्रिक साहाय्यात जागतिक आरोग्य संघटनेचा वाटा होता.

युनिसेफची सुरुवात मात्र भारतासाठी झालेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या आणि चीनमधल्या मुलांना दूध, कपडे आणि औषधे पुरवण्यासाठी ११ डिसेंबर १९४६ रोजी संयुक्त राष्ट्रांनी हा निधी तात्पुरता म्हणून सुरू केला. त्याच्या मूळ नावात ‘आणीबाणी’ हा शब्दही होता. त्याआधी हेच काम ‘अन्रा’ ही संस्था करत होती. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशांना सावरण्यासाठी नोव्हेंबर १९४३ मध्ये ४४ देशांनी ती स्थापन केली होती. अन्रा बंद होताना तिचा उरलेला पैसा युनिसेफच्या कामी आला.

अन्राने पोलंडसह काही देशांना पेनिसिलिन बनवण्याची यंत्रे दिली होती. नुसत्या औषधाच्या बाटल्या पाठवल्या तर त्या संपतात आणि पुन्हा मागाव्या लागतात. कारखाना दिला तर देश स्वतः औषध बनवू लागतो. युरोप सावरल्यावर युनिसेफचे लक्ष आशियाकडे वळले आणि तीच कल्पना पिंपरीत आली. १९५३ मध्ये युनिसेफ कायमस्वरूपी झाली. पुढच्या काळात एचए कंपनी आर्थिक अडचणीत सापडली, हे शहराला ठाऊक आहे. पण युद्धग्रस्त मुलांसाठी जन्मलेल्या एका यंत्रणेची खूण आपल्या शहरात आहे, हे फारसे सांगितले जात नाही.

वळिवडेत काय घडले होते?

कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्गावर वळिवडे हे गाव आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश नागरिक राहत होते. त्यात बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती.

ही माणसे इथवर आली कशी? १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंडवर हल्ला केला. रशियाच्या ताब्यातल्या भागातून १९४० आणि १९४१ मध्ये लाखो पोलिश नागरिकांना मालगाड्यांत भरून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेण्यात आले. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केल्यावर चित्र पालटले. ३० जुलै १९४१ रोजी रशिया आणि लंडनमधील पोलिश सरकार यांच्यात करार झाला आणि या कैद्यांची सुटका सुरू झाली. १९४२ मध्ये पोलिश सैन्य आणि त्याच्यासोबतचे हजारो नागरिक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणमध्ये पोहोचले.

सैनिक आघाडीवर गेले. पण बायका-मुलांचे काय? इराणकडे एवढ्या लोकांसाठी अन्न नव्हते. मग पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि भारत असे पर्याय शोधले गेले. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे अनाथ मुलांसाठी छावणी उभी करू दिली. कुटुंबांसाठी मोठी छावणी कोल्हापूर संस्थानात वळिवडेला झाली. कराचीपर्यंत जहाजाने आणि पुढे रेल्वेने ही माणसे आली. कोल्हापूरचे छत्रपती तेव्हा तान्हे बाळ होते आणि संस्थानाचा कारभार राजप्रतिनिधी मंडळाकडे होता.

छावणीत बराकींच्या रांगा होत्या. शाळा, चर्च, दवाखाना, दुकाने होती. मुलांचे स्काउट पथक होते. शिकवणारे शिक्षक आणि रोजचा कारभार पाहणारे लोक बहुतेक त्यांच्यातलेच होते. आसपासच्या गावांतून दूध, भाजी, फळे जात. खर्चाचा मोठा भार लंडनमधील पोलिश सरकारवर होता. १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली. त्यानंतर जबाबदारी अन्राकडे आणि पुढे आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे गेली.

युद्ध संपले तरी यातल्या अनेकांना घरी जाता आले नाही, कारण त्यांची गावे आता सोव्हिएत रशियात गेली होती. कुणी ब्रिटनला गेले, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी कॅनडाला. मोजक्या मुली लग्न करून इथेच राहिल्या.

छावणी रिकामी होत असतानाच फाळणीमुळे सिंधमधून आलेल्या कुटुंबांना जागा हवी होती. वळिवडेच्या त्याच बराकींत ती राहायला आली. आज कपड्यांच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच. पिंपरी कॅम्पाची बाजारपेठही याच फाळणीच्या लाटेतून उभी राहिली. ‘कॅम्प’ हे नाव तेवढे मागे उरले आहे.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांच्या आठवणीचा स्तंभ आहे. पोलंडची राजधानी वॉर्सॉत कोल्हापूरचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिथे जाऊन आदरांजली वाहिली.

पाच हजार माणसांची छावणी चालवायची म्हणजे काय लागते?

पाच हजार हा आकडा ऐकायला लहान वाटतो. पण त्याचे गणित मांडून पाहू. मदतकार्य करणाऱ्या संस्था आज ‘स्फिअर’ नावाचे किमान निकष वापरतात. ते असे :

• पाणी : माणशी रोज किमान १५ लिटर. पाच हजार माणसांना ७५ हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे सात-आठ टँकर. तेही रोज.

• अन्न : माणशी रोज सुमारे २१०० कॅलरी. धान्य, डाळ, तेल मिळून माणशी अर्धा किलोहून थोडा अधिक कोरडा शिधा धरला, तरी रोज अडीच ते तीन टन माल लागतो. महिन्याला ७५ ते ९० टन.

• निवारा : माणशी साडेतीन चौरस मीटर आच्छादित जागा. एकूण १७,५०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १ लाख ८८ हजार चौरस फूट. चाकणमधल्या एका मोठ्या गोदामाएवढी जागा, आणि ती फक्त झोपण्या-बसण्यापुरती.

• शौचालये : २० माणसांमागे एक. एकूण २५०.

चाकणला ज्यांचे काम सुटे भाग वेळेवर पोहोचवण्याचे आहे, त्यांना यातली मेख लगेच कळेल. एक पार्ट उशिरा आला तर लाइन थांबते आणि नुकसान पैशांत मोजता येते. छावणीत टँकर तीन दिवस आला नाही, तर लोक डबक्यातले पाणी पितात आणि पाठोपाठ कॉलरा येतो. म्हणून मदत ‘किती जमली’ यापेक्षा ती रोज, न चुकता पोहोचते का, हे महत्त्वाचे.

कायदा काय सांगतो?

युद्धातही सगळे चालत नाही. १२ ऑगस्ट १९४९ रोजी चार जिनिव्हा करार झाले. त्यातला चौथा करार नागरिकांसाठी आहे. त्याच्या कलम २३ नुसार शत्रुपक्षाच्या नागरिकांसाठी जाणारी औषधे, तसेच १५ वर्षांखालील मुले, गर्भवती आणि बाळंतिणींसाठीचे अन्न आणि कपडे यांना वाट द्यावी लागते. ज्या सैन्याने एखादा प्रदेश ताब्यात घेतला आहे, तिथल्या लोकांना अन्न आणि औषध मिळेल हे पाहण्याची जबाबदारी त्या सैन्यावर येते. उपासमारीचा हत्यार म्हणून वापर करू नये, हे १९७७ च्या पूरक करारात स्पष्ट लिहिले गेले. २०१८ मध्ये सुरक्षा परिषदेनेही ठराव क्रमांक २४१७ मध्ये त्याचा निषेध केला.

भारताने जिनिव्हा करार १९५० मध्ये स्वीकारले आणि १९६० मध्ये त्यासाठी देशात कायदा केला. १९७७ च्या पूरक करारांत मात्र भारत सहभागी नाही. १९५१ च्या निर्वासित करारावरही भारताची सही नाही.

याच १९६० च्या कायद्यातली एक तरतूद आपल्या रस्त्यावरची आहे. पांढऱ्यावरचे लाल क्रॉसचे चिन्ह केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही. औषध दुकाने, खासगी दवाखाने आणि रुग्णवाहिकांवर ते सर्रास दिसते. त्या चिन्हाचा युद्धभूमीवरचा अर्थ ‘इथे डॉक्टर आहे’ एवढाच नाही, तर ‘इथे गोळी झाडू नका’ असा आहे. कुणीही कुठेही लावले, तर त्या खुणेचा धाक उरत नाही. गरज पडते तेव्हा तो धाकच जीव वाचवतो.

मग ट्रक अडतात का?

कारण कायद्यात वाट आहे, पण वाटेवरचा फाटक उघडणारा माणूस युद्धातलाच एक पक्ष असतो. तपासणीचा हक्क त्याला कायद्यानेच दिला आहे. मदत शत्रूच्या सैन्याकडे वळणार नाही, याची खात्री तो मागू शकतो. अडचण तिथून सुरू होते. तपासणी तासाभराचीही असू शकते आणि महिनाभराचीही.

आपल्याजवळचे उदाहरण पाहा. ऑक्टोबर २०२१ मध्ये भारताने अफगाणिस्तानला ५० हजार टन गहू देऊ केला. जवळचा रस्ता पाकिस्तानातून जातो. भारताचे ट्रक की अफगाणिस्तानचे, माल कोणाच्या हाती द्यायचा, अशा प्रश्नांवर बोलणी चालली. अखेर अफगाण ट्रकमधून अटारीमार्गे माल न्यायचा आणि जलालाबादला संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या हवाली करायचा, असे ठरले. ५० ट्रकमधून अडीच हजार टनांचा पहिला ताफा निघाला तो २२ फेब्रुवारी २०२२ रोजी. म्हणजे गहू तयार होता, देण्याची इच्छा होती, तरी चार महिने गेले. एका ट्रकमध्ये ५० टन धरले, तर सगळा गहू न्यायला एक हजार फेऱ्या लागतात. प्रत्येक फेरीला दोन सीमा.

गाझामध्ये युद्धाआधी रोज सुमारे ५०० ट्रक माल जात असे. २ मार्च २०२५ पासून सुमारे ११ आठवडे तिथे मदत पूर्ण थांबवण्यात आली. २२ ऑगस्ट २०२५ रोजी अन्नसुरक्षेचे मोजमाप करणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने गाझा शहर परिसरात दुष्काळ असल्याचे जाहीर केले. सुदानमध्ये झमझम छावणीत दुष्काळ असल्याचे ऑगस्ट २०२४ मध्येच स्पष्ट झाले होते. यातला कोणताही दुष्काळ पाऊस न पडल्यामुळे आलेला नाही.

मदत करणाऱ्याने तटस्थ राहावे का?

संयुक्त राष्ट्रांच्या १९९१ च्या ठराव क्रमांक ४६/१८२ ने मदतकार्याची तीन तत्त्वे सांगितली : माणुसकी, तटस्थता आणि निःपक्षपातीपणा. पुढे स्वातंत्र्य हे चौथे तत्त्व जोडले गेले. तटस्थ राहिल्याशिवाय दोन्ही बाजू वाट देत नाहीत, हा त्यामागचा व्यवहार आहे.

पण सगळी मदत तटस्थ नसते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे त्याचे मोठे उदाहरण. जपानने चीनवर हल्ला केल्यावर १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठवले. त्यात कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते. ही मदत एका बाजूच्या पाठिंब्यातून गेलेली होती आणि ते कुणी लपवले नाही. कोटणीस तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. चीनमध्ये आजही त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

दोन्ही मार्गांना किंमत मोजावी लागते. बाजू घेणाऱ्याला दुसऱ्या बाजूचे जखमी गाठता येत नाहीत. तटस्थ राहणाऱ्याला अन्याय दिसत असूनही अनेकदा गप्प बसावे लागते. आता तर तटस्थतेचे कवचही पातळ झाले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये जगभरात ३८३ मदत कर्मचारी मारले गेले. तोवरचा तो उच्चांक होता.

भारत आज काय पाठवतो?

फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये ‘ऑपरेशन गंगा’तून सुमारे २२,५०० भारतीय युक्रेनमधून परत आले. त्यात वैद्यकीय शिक्षण घेणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. रोमानिया, हंगेरी, पोलंड आणि स्लोव्हाकियाने सीमा उघडल्या म्हणून ते शक्य झाले. युक्रेनसाठी औषधे आणि मदतसामग्री पाठवणेही तेव्हाच सुरू झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताने युक्रेनला चार ‘भीष्म’ क्यूब दिले. हे छोट्या खोक्यांत बसवलेले फिरते रुग्णालय असते. एका क्यूबमध्ये सुमारे २०० रुग्णांच्या उपचारांची आणि छोट्या शस्त्रक्रियांची सोय होते.

गाझासाठी २२ ऑक्टोबर २०२३ रोजी हवाई दलाच्या विमानाने साडेसहा टन औषधे आणि ३२ टन मदतसामग्री इजिप्तच्या अल-अरिश विमानतळावर नेली. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला भारत अलीकडच्या वर्षांत दरवर्षी ५० लाख डॉलर देत आला आहे.

पैसा कमी पडतो आहे का?

हो, आणि वेगाने. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेनुसार २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसे घरातून विस्थापित झालेली होती. ही संख्या महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या जवळपास आहे. २०२५ साठी संयुक्त राष्ट्रांनी १९ कोटी लोकांच्या मदतीसाठी ४७ अब्ज डॉलर मागितले होते. पैसा येईना, तेव्हा जूनमध्ये ही मागणी २९ अब्ज डॉलर आणि ११ कोटी ४० लाख लोक अशी खाली आणावी लागली. गरज कमी झाली नव्हती, यादी कमी झाली. अमेरिकेची यूएसएड ही संस्था १ जुलै २०२५ पासून बंद झाली, त्याचा यात मोठा वाटा आहे.

चिंचवडच्या वाचकाला मदत करायची असेल तर?

वस्तूंपेक्षा पैसे बरे. २०१९ च्या महापुरात पिंपरी-चिंचवडमधून कोल्हापूर-सांगलीला मदतीचे ट्रक गेले. ते शक्य झाले कारण रस्ता आपला होता आणि माणसे ओळखीची होती. दुसऱ्या देशातल्या युद्धभूमीत चादरी पाठवण्याचा खर्च चादरींपेक्षा जास्त होतो. तिथल्या जवळच्या बाजारात तीच वस्तू विकत घेतली, तर पैसा आणि वेळ दोन्ही वाचतात आणि तिथल्या दुकानदाराचेही पोट चालते.

देण्याआधी चार गोष्टी पाहा :

१. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर येणारे नाव संस्थेचे आहे की व्यक्तीचे? व्यक्तीचे असेल तर थांबा.

२. राज्यातली संस्था असेल, तर धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी क्रमांक विचारा.

३. करसवलत घेणाऱ्या भारतीय धर्मादाय संस्थेला आपला पैसा साधारणपणे देशातच खर्च करावा लागतो. परदेशातल्या कामासाठी प्राप्तिकर खात्याची वेगळी मंजुरी लागते. ‘तुमचे पैसे थेट गाझाला किंवा सुदानला जातील’ असे कुणी सांगत असेल, तर ती मंजुरी आहे का हे विचारा. स्वतः परदेशी संस्थेला पैसे पाठवायचे असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. देणगी त्यात बसते, पण भारतात तिच्यावर करसवलत मिळत नाही.

४. संस्था मागच्या वर्षीचा हिशेब संकेतस्थळावर ठेवते का? नसेल, तर दुसरी संस्था शोधा. रेड क्रॉस, युनिसेफ, निर्वासित संस्था यांची अधिकृत पाने स्वतः टाइप करून उघडा, आलेल्या लिंकवरून नको.

मेसेज पुढे पाठवण्याआधी व्हिडीओ कधीचा आणि कुठला आहे हेही तपासा. एका युद्धाची दृश्ये दुसऱ्या युद्धाच्या नावावर फिरतात आणि खरी गरज असलेल्यांवरचा विश्वासही त्यामुळे उडतो.

वळिवडेला आलेल्या कुटुंबांना परत कधी जायचे हे माहीत नव्हते आणि त्यांना ठेवून घेणाऱ्यांनाही नव्हते. तरी पहिल्यापासून शाळा भरली, कारण युद्ध किती वर्षे चालेल याचा अंदाज कुणालाच नसतो आणि मुलांचे वय थांबत नाही. मदतीचे नियोजन महिन्यांचे केले जाते आणि गरज वर्षांची असते. निधीची यादी कापली जाते, तेव्हा शाळा बहुधा सगळ्यात आधी जाते. पुढच्या वेळी मदतीचा आकडा वाचाल, तेव्हा त्यात किती टन धान्य आहे यासोबत किती वर्गखोल्या आहेत, तेही पाहा.